पहिल्या नंबरचं अर्धं गाणं

लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाला लोक ठरलेला एकच प्रश्न विचारतात, की एवढ्या आवाजात तुमचे कान कसे टिकले? कान ठणठणीत आहेत. बिघडलं ते पोट, आणि तेही ढोलानं नव्हे, रेडिओनं बिघडवलं. रविवारी सकाळचे दहा वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. धंदा सोडून इतकी वर्षं झाली, तरी अजूनही त्या सुमाराला मी उगीच उठून दारातल्या दारात फेऱ्या मारतो. बायको म्हणते, लागलं वाटतं तुमचं नंबराचं.

हे 'नंबराचं' म्हणजे काय ते आधी सांगतो. नव्वद सालच्या आगेमागे शेजारच्या मोठ्या शहरातल्या रेडिओवाल्यांनी खास तरुण मुलांसाठी एक वाहिनी काढली. तिच्यावर रविवारी दहा ते अकरा श्रोत्यांच्या पसंतीची दहा गाणी लागत. आठवडाभर लोकांनी पोस्टकार्डावर आवडीचं गाणं आणि घरच्यांची नावं लिहून पाठवायची, तिकडे कार्डं मोजायची, आणि दहाव्या नंबरापासून सुरू करून पहिला नंबर शेवटी लावायचा. कार्यक्रमाचं खरं नाव लांबलचक आणि काव्यमय होतं, पण आमच्या जालन्यात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे त्याला नंबराचंच म्हणत.

बँडवाल्याचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. सगळा संबंध आमचाच होता. पूर्वी सुपारी द्यायला आलेला माणूस म्हणायचा, चांगली गाणी वाजवा. नंबराचं सुरू झालं आणि माणसं म्हणायला लागली, पहिल्या नंबरचं वाजवा. आता बाहेरच्याला वाटतं, बँडवाल्यानं गाणं ऐकलं की वाजवलं. तसं नसतं. एकानं गाणं कानात पकडायचं, त्याचे सूर सारेगममध्ये बसवायचे, ते खडूनं दारावर लिहायचे, मग ट्रंपेट कुठे घुसणार, बास कुठे दम धरणार, क्लॅरोनेटनं शब्दांची जागा कशी भरायची, हे ठरवून सगळ्यांकडून घोटून घ्यायचं. जालन्यातल्याच मस्तगड भागात आम्ही एक रिकामी वखार भाड्यानं घेतली होती, तिच्या लाकडी दारावर माझी अक्षरं एकावर एक चढलेली असायची. एक गाणं बसायला आठवडा जातो. आणि आठवडा संपला की रविवार, नवा पहिला नंबर, पुन्हा दार पुसा. हंगामात मला भूक लागायची नाही.

शहागडच्या एका ट्रकमालकानं तर कहरच केला. पुतण्याचं लग्न रविवारी, मुहूर्त दुपारचा. त्याची अट अशी, की त्या दिवशी सकाळी जे गाणं पहिलं येईल तेच नवरदेव मांडवात शिरताना वाजलं पाहिजे. मी त्याला समजावलं, तो म्हणाला, पैसा मोजतो ना मी. शेवटी आम्ही सगळे गणवेश घालून, झगमगत्या टोप्या मांडीवर घेऊन, महामार्गावरच्या एका धाब्याच्या रेडिओपुढे बसलो. ट्रकचे ड्रायव्हर आमच्याकडे बघत होते. नशीब बलवत्तर, पहिलं आलं ते जुनंच गाणं निघालं. पण तो तासभर मी जो जगलो, तो शत्रूलाही येऊ नये.

आमच्या बँडची खरी इज्जत होती करीमचाचांच्या क्लॅरोनेटमध्ये. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, बोलायला थोडे, पानाचे शौकीन. त्यांचा कान असा, की गाणं एकदा नीट ऐकलं की बोटात उतरलं. पण त्यांच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी आपली एक नाजूक हरकत जोडायची, मूळ गाण्यात असो नसो. मी ओरडायचो, ते मान डोलवायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच करायचे. दुसरी खोड जास्त महागाची. अर्धं ऐकलेलं गाणं ते वाजवत नसत. म्हणायचे, "अधुरं गानं वाजवनं म्हंजे कोनाचं बोलनं मधातच तोडनं. बिलकुल न्हाई."

आणि नंबराच्यात पहिलं गाणं नेमकं अधुरंच लागायचं. अकराला बातम्या. निवेदक गडी हौशी आणि गोड गळ्याचा, त्याच्या गप्पांत वेळ निघून जायचा. पहिलं गाणं सुरू होऊन मुखडा आणि एक अंतरा झाला, की दुसऱ्याच्या तोंडाशी आवाज हळूहळू बारीक व्हायचा आणि बातम्यांची वेळ व्हायची. दहावं, सातवं, तिसरं, सगळी पूर्ण. ज्याला सगळ्यात जास्त लोकांनी मागितलं तेच अर्धं. सिनेमाचं गाणं असलं तर कॅसेट आणून उरलेलं शिकता यायचं. पण ही वाहिनी कॉलेजच्या पोरापोरींची गाणी स्वतःच ध्वनिमुद्रित करून लावायची. त्यांची कॅसेट कुठून आणणार?

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला असंच एक गाणं पहिल्या नंबरावर येऊन बसलं ते उठेचना. कॉलेजच्या पोरांनी स्वतः रचलेलं, साधी गोड चाल. मुखडा सगळ्यांचा मिळून, पहिला अंतरा एका मुलाचा. दुसरा कुणी गायला, काय गायला, कुणालाच पत्ता नाही, कारण तिथपर्यंत गाणं कधी पोचलंच नाही. गाणाऱ्यांची नावं गाणं संपल्यावर सांगायची पद्धत, त्यामुळे तीही कधी आली नाहीत.

अशात एक दिवस केदारखेड्याचे विठ्ठलराव वखारीत आले. चांगल्या जमिनीचे, भारदस्त, पांढरी टोपी, बोलण्यात दबदबा. मुलीचं लग्न ठरलं होतं. बँड सहसा मुलाकडचे सांगतात, पण हे म्हणाले, बँड माझ्याकडून. आणि अट घातली ती ऐकून मी कपाळाला हात लावला. ते पहिल्या नंबरचं गाणं मांडवाच्या दारात पूर्ण वाजलं पाहिजे, दुसऱ्या अंतऱ्यासकट. मी म्हणालो, दुसरा अंतरा कुणी ऐकलाच नाही तर वाजवू कसा? त्यांनी इकडेतिकडे बघितलं. माझी माणसं चहाला गेली होती, करीमचाचा तेवढे कोपऱ्यात क्लॅरोनेट पुसत होते. विठ्ठलराव पोत्यावर बसले.

"मास्तर, तो अंतरा माझ्या पोरीनं म्हनलेला हाये," ते म्हणाले. "तिकडं शिकायला व्हती, तव्हा मैतरिनीसंगं रेडिओत गेल्ती. मायला सांगितलं तिनं, मायनं मला. मला म्हाईत हाये हे पोरीला म्हाईत न्हाई."

मी सुचवलं, की ताईंनाच दोन ओळी म्हणायला सांगा, चाचा ऐकता क्षणी उचलतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोललो.

"बापापुढं पोरगी गानं म्हनती का आमच्यात? अन् मी इचारू कोन्या तोंडानं? लाजून मरंल ती. लग्नाआंधी एकडाव ऐकू द्या मला तिचा आवाज. मंग ती त्यांच्या घरची."

हे बोलताना त्यांचा दबदबा कुठे गेला होता कोण जाणे. मी सुपारी घेतली. घेतली आणि त्या क्षणापासून झोप गेली. लग्न महिन्यावर, मध्ये मोजके रविवार, आणि शब्द देऊन बसलो होतो अशा गाण्याचा, जे अर्धं अस्तित्वातच नव्हतं. केदारखेड्याला पंचक्रोशीतली माणसं येणार, मांडवाच्या दारात बँड फसला तर भोकरदन तालुक्यातून पुन्हा कुणी सुपारी दिली नसती. पण खरं सांगायचं तर मला धंद्यापेक्षा त्या माणसाच्या चेहऱ्याची धास्ती जास्त होती.

एसटी पकडून मी थेट रेडिओवाल्यांकडे गेलो. तिथले साहेब सभ्य होते, चहा पाजला. टेप बाहेर देता येत नाही म्हणाले. निदान पूर्ण तरी लावा, मी म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, गाणं कापलं का जातं माहीत आहे? आणि टेबलावरचा कार्डांचा एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. सगळी कार्डं एका गावची, केदारखेड्याची. प्रत्येकावर गाणं तेच आणि खाली नावांची रांग, विठ्ठलराव, सौभाग्यवती, चुलते-मालते, पोरंबाळं, पिठाच्या गिरणीवाला, न्हावी, सोसायटीचा चेअरमन. पहिला नंबर लावण्याआधी निवेदकाला ही नावं वाचावी लागत; मी दर रविवारी ती ऐकायचो, पण माझं सगळं लक्ष पुढच्या गाण्याकडे. जितकी नावं जास्त, तितकं गाणं कमी. साहेब म्हणाले, "तुमच्याच लोकांनी दुसरा अंतरा खाल्ला हो." मग मला दारापर्यंत सोडताना हसून म्हणाले, पूर्ण ऐकायचं असेल तर तिसऱ्या नंबरावर आणा.

ते हसत होते, पण मी परतीच्या एसटीत तेच धरून बसलो. तिसऱ्या नंबरावर आणायचं. साधी गोष्ट. विठ्ठलरावांनी गावाची कार्डं थोडी आवरायची आणि मस्तगडातल्या आमच्या माणसांनी दुसऱ्या गाण्याला मतं टाकायची.

विठ्ठलरावांना सांगायला गेलो तर ते खवळलेच. गावाला आपण रेडिओचं वेड लागलेला माणूस वाटतो, पोरं मागून हसतात, हे सगळं त्यांनी सोसलं होतं ते गाणं पहिलं यावं म्हणून. आणि आता मी म्हणत होतो, खाली ओढा.

"माझ्या पोरीचं गानं म्या माझ्या हातानं तिसरं करू?" ते म्हणाले. त्यांना पटायला दोन चहा लागले. त्याहून अवघड होतं गावाला पटवणं. गाव काही गाण्यासाठी मत देत नव्हतं, रेडिओवर आपलं नाव ऐकायला देत होतं. गिरणीवाला तर म्हणाला, माझं नाव सासुरवाडीला ऐकू जातं, ते बंद करून राह्यले का तुम्ही? पण विठ्ठलरावांचा शब्द मोडवेना. कार्डं थांबली. इकडे मस्तगडात मी जोर लावला. बँडवाले, त्यांच्या बायका, शेजारचे कापडवाले, टेलर, सगळ्यांकडून दुसऱ्या एका गाण्याची कार्डं टाकून घेतली.

पुढच्या रविवारी मी रेडिओला कान लावून बसलो. दहावं झालं, नववं झालं. चौथं झालं तेव्हा मी खूश, आता तिसरं आपलं. तिसरं दुसरंच काही निघालं. दुसरं निघालं सिनेमाचं. पहिलं आलं ते आमच्या मस्तगडनं मत दिलेलं, माझं स्वतःचं नाव, माझ्या बायकोचं नाव, टेलरचं नाव, सगळं यथासांग वाचून. आमचं गाणं दहातून गायब. आम्ही तिसरं करायला गेलो आणि पार बाहेर फेकून दिलं. आम्ही मिळवलेल्या पहिल्या गाण्याचाही दुसरा अंतरा बातम्यांनी कापला, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव आले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "हाकललं तिला, मास्तर." लग्न येत्या रविवारचं होतं. त्यांनी पुन्हा कार्डं टाकली होती, पण घाईत जमतील तेवढीच, आणि त्यातली किती वेळेत पोचणार याचा भरवसा नव्हता. लग्नाच्या दिवशी, नेमकं नंबराच्याच वेळी, सगळं गाव मांडवात असणार होतं. मी करीमचाचांना विनवलं, की मुखडा आणि पहिला अंतराच दोनदा वाजवा, कुणाला कळणार आहे? चाचा म्हणाले, "बापाला कळंल."

रविवारी सकाळी केदारखेड्यात परण्या निघाला. परण्या म्हणजे लग्नाआधी घोड्यावरून नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. ऊन चढलेलं, पोरं नाचताहेत, आम्ही सिनेमाची गाणी वाजवतोय. मारुतीपुढे नवरदेव उतरून आत गेला, बँड थांबला, माझ्या माणसांनी घाम पुसला. देवळासमोर चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात रेडिओ चालू होता. अजून पहिली दोन-तीनच गाणी झाली असतील. माझं लक्षही नव्हतं. एवढ्यात निवेदक म्हणाला, सातव्या क्रमांकावर, आणि तोच ओळखीचा मुखडा सुरू झाला.

नावं नाहीत, गप्पा नाहीत. सातव्या नंबराला कोण नावं वाचतो? मी एका ढोलवाल्याला मांडवाकडे पिटाळलं, असतील तसे विठ्ठलरावांना घेऊन ये. मांडव गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाणं असून असून किती मोठं असणार? ते पोचणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं. करीमचाचा केव्हाच हॉटेलात शिरले होते. रेडिओला खेटून, डोळे मिटून उभे, बोटं क्लॅरोनेटवर आवाज न करता चाललेली.

पहिला अंतरा संपत आला आणि नवरदेवाचा मामा माझ्यापुढे उभा राहिला. नवरदेव बाहेर आलाय, वाजवा की जल्दी. वाजवलं असतं तर रेडिओ बुडाला असता. भर परण्यात बँड थांबणं म्हणजे आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बेअब्रू, एवढ्यावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. मी म्हणालो, ढोलाची दोरी सैल झालीय. आणि त्या ढोलवाल्याचा मागे राहिलेला, चांगला ताणलेला ढोल खाली ठेवून मी त्याची दोरी स्वतःच्या हातानं सोडायला लागलो. मामा शिव्या देत होता. गाठ सुटत नव्हती, आणि कान मागे हॉटेलात. तेवढ्यात तो आवाज आला. मुलीचा, बारीक, अगदी सरळ. काही सजावट नाही, काही जोर नाही. ओळीच्या शेवटी ती सूर अलगद खाली ठेवून द्यायची. मी दोरी धरून तसाच बसून राहिलो.

विठ्ठलराव आले तेव्हा सहावं गाणं सुरू झालं होतं. फेटा अर्धा बांधलेला, उरलेलं टोक हातात, धापा टाकत.

"संपलं?"

"संपलं," मी म्हणालो.

करीमचाचा हॉटेलातून बाहेर आले. त्यांनी क्लॅरोनेटची पत्ती जिभेवर ओली केली. म्हणाले, "दादा, तुमी मांडवापाशी जाऊन हुबे राहा. हाये माझ्यापाशी."

आम्ही परण्या मांडवाकडे वळवला. दारात पोचल्यावर मुखडा सगळ्यांनी मिळून वाजवला, पहिला अंतरा ट्रंपेटनं घेतला, आणि दुसऱ्याला मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ढोल बंद, झांजा बंद. एकटं क्लॅरोनेट. नाचणारी पोरं गोंधळून उभी राहिली. विठ्ठलराव हातात अक्षतांचं ताट घेऊन उभे होते, ते ताटाकडेच बघत राहिले. आत बसलेल्या नवरीनं झटकन मान वर केली, असं तिच्या आईनं मागाहून सांगितलं. चाचांनी अंतरा जसाच्या तसा वाजवला, फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी आपली ती हरकत जोडली. त्यांचा इलाज नव्हता. शेवटच्या ओळीला तर ती लांबवून, असं सुंदर वळण देऊन घेतली, की मलाही ओरडावंसं वाटलं नाही.

पंगती सुरू झाल्यावर विठ्ठलराव आमच्या पाटापाशी आले. चाचांच्या जवळ वाकून हळू विचारलं, "अस्संच म्हनली का ती?"

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "बराबर अस्संच, दादा. जरा बी फरक न्हाई."

त्यांनी चाचांच्या पानात स्वतःच्या हातानं जिलबी वाढली. नको म्हणायची सोय नव्हती.

लग्नानंतर केदारखेड्यानं पुन्हा कार्डांचा पाऊस पाडला. गाणं पहिल्या नंबरावर आलं, गिरणीवाल्याचं नाव सासुरवाडीला ऐकू गेलं, आणि दुसरा अंतरा पुन्हा कापला गेला. पुढे ते गाणं उतरलं, काही वर्षांनी नंबराचंही बंद पडलं. त्याच्यापाठोपाठ लग्नात मोठमोठे स्पीकर आले, त्यांना कुठलंही गाणं पूर्ण वाजवता येतं. आमची वखार सुटली. पण ते सगळं नंतर.

वर्ष-दीड वर्षानं विठ्ठलरावांनी नातवाच्या बारशाला मला आणि करीमचाचांना जेवायला बोलावलं. वाजवायला नाही, पाहुणे म्हणून. जेवणं झाली, बाया पांगल्या, आम्ही तिघं बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत मूल रडायला लागलं आणि पाळण्याच्या कड्या करकरल्या. मग आवाज आला. तोच, बारीक, सरळ. तेच गाणं, पाळण्याच्या झोक्यावर संथ केलेलं. पोरीनं बापापुढे गाणं म्हणायचं नसतं, पण लेकराला झोपवायला म्हटलं तर ते बापाच्या कानावर पडलेलं चालतं. ती मुखडा म्हणाली आणि थेट दुसऱ्या अंतऱ्यावर गेली. अगदी शेवटपर्यंत. तिला कापायला बातम्या नव्हत्या.

विठ्ठलराव डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर हळूच माझ्याकडे सरकले.

"समदं बराबर म्हनली, मास्तर," ते म्हणाले. "निस्तं शेवटाला ते जे वळन घेतलं व्हतं ना तिनं, रेडिओत, ते घेत न्हाई आता. लेकराच्या रगाड्यात इसरली."

करीमचाचा पानाला चुना लावत होते. ते लावतच राहिले.